तोंडी नकार

गरीब माणसाला दिलेला नकार लिहिलेला असा मी क्वचितच पाहिला आहे. तो तोंडीच असतो. "आयज सायब ना, फाल्यां येयात." म्हणजे आज साहेब नाहीत, उद्या या. "तुमचं नाव यादीत दिसत नाही." "मशीन अंगठा घेत नाही, पुढच्या आठवड्यात बघू." "दाखला नसेल तर मुलाला बसवून कसं घेणार?" बोलणारा पुष्कळदा वाईट माणूस नसतो. त्याच्यापुढे फायलींचा ढीग असतो, रांग दारापर्यंत गेलेली असते, आणि समोरची बाई दोनदा येऊन गेली की तिसऱ्यांदा येत नाही हे त्याला ठाऊक झालेलं असतं. ती निघून जाते. तिला काही नाकारलं गेलं ह्याची नोंद कुठल्याही वहीत राहत नाही. अपील करायचं तर कशावर? तक्रार द्यायची तर काय घडलं म्हणून? दफ्तर काढून पाहिलं तर ती त्या दिवशी तिथे आलेलीच नसते.

मी फोंडा तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून शिकवलं. निवृत्तीनंतर विधी सेवेची स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं. अर्ज लिहून देणं, कचेरीत सोबत जाणं, कोणत्या खिडकीवर काय मागायचं ते सांगणं, एवढंच काम. ते करता करता एक गोष्ट मनात पक्की बसली. गरिबाकडे प्रत्येक जण कागद मागतो, आणि गरिबाला कागद मात्र कोणी देत नाही. मजुरी तोंडी ठरते, खोली तोंडी मिळते, ती सोडायचा हुकूमही तोंडीच येतो. अतिगरिबीत जगणाऱ्या माणसांचे मानवी हक्क कसे राखायचे, ह्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

"गोव्यात कुठली आलीय अतिगरिबी?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. नीती आयोगाच्या 2023 च्या बहुआयामी गरिबीच्या, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान ह्यांवरून मोजलेल्या गरिबीच्या, अहवालात गोव्यातलं प्रमाण 0.84 टक्के आहे. त्याआधीच्या पाहणीत, म्हणजे 2015-16 साली, ते 3.76 टक्के होतं. राज्यांमध्ये केरळ तेवढं आपल्या पुढे, 0.55 टक्क्यांवर. ही घट खरी आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. पावसात गोणपाटाची खोळ घेऊन, सकाळचं काही न खाता शाळेत येणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि पुढे त्यांच्याच मुलांच्या पायात बूट नि पाठीवर भरलेली दप्तरंही पाहिली आहेत. पण 2011 च्या जनगणनेतली साडेचौदा लाखांची लोकसंख्या धरली तरी 0.84 टक्के म्हणजे बारा हजारांहून जास्त माणसं होतात. शिवाय ही पाहणी घरोघर जाऊन होते. ज्यांना घरच नाही, जी बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि स्लॅब ओतून झाला की पुढच्या कामावर जातात, ट्रॉलरवरच झोपतात, बाजाराच्या शेडखाली रात्र काढतात, ती माणसं तिला कितपत सापडत असतील?

लहान आकड्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो मला जास्त घातक वाटतो. गरिबी इतकी थोडी, म्हणजे ती आपली नव्हेच, बाहेरून आलेली, असं आपण मनाशी ठरवून टाकतो. मग तिचं उत्तरही सोपं होतं: आले तसे जातील.

गोव्यात 15 वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्याला फार वजन आहे. वृद्धांना आणि निराधारांना दरमहा मदत देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला तो लागतो, इतरही पुष्कळ ठिकाणी लागतो. राज्याने आपल्या पैशातून चालवलेल्या योजनेला अशी अट घालावी की नाही ह्यावर वाद होऊ शकतो. तो वाद मी इथे काढत नाही. मला दिसतं ते निराळं. ही अट जिथे लिहिलेलीच नाही तिथेही ती पसरली आहे. शाळेच्या दारात, रेशनच्या दुकानात, मजुरीच्या तक्रारीत, कधी तर पोलिस ठाण्यातसुद्धा पहिला प्रश्न येतो: "तुम्ही खंयचे? किती वर्सां जालीं?" घटनेच्या 21 व्या कलमाने जगण्याचा हक्क दिला तेव्हा त्याला रहिवासाची वर्षं जोडलेली नाहीत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं 14 वं कलम स्पष्ट सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. अंगणवाडीची नोंद चालते, दवाखान्याची नोंद चालते, तेही नसेल तर आईबापांनी लिहून दिलेलं चालतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मूल वर्गात बसलं पाहिजे. कायदा इतका सरळ असूनही जून महिन्यात पालक मुलाचा हात धरून व्हरांड्यात उभे असतात आणि आतून निरोप येतो, "दाखला घेऊन या."

आणि 'बाहेरचे' हे उत्तर जिथे मुळीच लागू होत नाही अशीही माणसं आपल्यात आहेत. आमच्याच तालुक्यात, निरंकालच्या बाजूला, वानरमारे समाजाची वस्ती आहे. पिढ्यान्पिढ्या रानावर जगलेला हा समाज. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. ती व्हायला हवीच होती. पण शिकारीच्या जागी त्यांनी काय खावं ह्याची तजवीज त्या कायद्यात नव्हती आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं कोणी केली नाही. झावळ्यांच्या खोपी, बागायतीतली मिळेल ती मजुरी, सरपणाच्या मोळ्या. 2003 साली गावडा, कुणबी आणि वेळीप अनुसूचित जमातींच्या यादीत आले, वानरमारे आले नाहीत. आधार कार्डासारखी साधी गोष्टसुद्धा त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोचली. जमिनीचा उतारा नाही, घराला नंबर नाही, जन्माची नोंद नाही. मग ही माणसं इथली आहेत हे सिद्ध कोणी आणि कशाने करायचं? सत्तरीच्या डोंगरांतले धनगर-गवळी ह्याच कात्रीत सापडले आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्यात जमातींच्या यादीबाहेरच्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. लिहिता न येणाऱ्या आजोबांनी 75 वर्षांपूर्वी म्हशी कुठे चारल्या, ह्याचा पुरावा नातवाने आणायचा.

ह्यात सगळ्यांत जास्त राग मला कशाचा येत असेल तर आपल्या विस्मरणाचा. गोव्याला ही गोष्ट नवी नाही. माझे आजोबा मुंडकार होते, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. भाटात, म्हणजे नारळाच्या बागायतीत, एका कडेला मातीचं घर. घर त्यांनी बांधलेलं, माती भाटकाराची, म्हणजे भाटाच्या मालकाची. त्या घराच्या बदल्यात भाटाची राखण, नारळ पाडायच्या दिवसांत ते गोळा करणं, भाटकाराच्या घरी कार्य निघालं की बायकांनी जाऊन पडेल ते काम करणं. पैशाचा हिशेब कुठेच नाही. आढं मोडलं तर बदलायला परवानगी, अंगणात मांडव घालायचा तर आधी जाऊन सांगायचं. हे सगळं तोंडी. भाटकार चांगला असला की दिवस बरे जात, आणि त्याचा मुलगा कसा निघेल ह्याची काळजी आजीला रात्री झोपू देत नसे. एका शब्दावर मिळालेलं घर एका शब्दावर जाऊ शकत होतं, आणि पुष्कळांचं गेलंही.

1964 साली गोव्यात कूळ कायदा आला. 1975 साली मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला, आणि पुढच्याच वर्षी कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याकडे जमिनीची मालकी जाण्याची वाट मोकळी झाली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी सुरू केलेली ही वाट त्यांच्यामागून मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकरांच्या काळात पुढे गेली. ह्या कायद्यांत उणिवा होत्या. आजही मामलेदारांच्या कोर्टात मुंडकारांचे दावे पडून आहेत, अर्ज करणारे गेले आणि त्यांची मुलं तारखांना जातात. तरी एक गोष्ट कायमची बदलली. मुंडकारांची नोंदवही आली. माझ्या वडिलांनी नोंदीची प्रत घरी आणली त्या दिवशी आजीने ती वाचून घेतली नाही, तिने फक्त विचारलं, "ह्यात माझ्या सासऱ्याचं नाव आहे ना?" ते होतं. त्यानंतर आमच्या घरात भाटकाराबद्दल बोलताना कोणी आवाज खाली केला नाही.

आज त्या घरांची पक्की घरं झाली आहेत, आणि त्यातल्या कितीतरी घरांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ उभी आहे. मी आमच्या वाड्याबद्दल बोलते आहे. एका खोलीत विजापूर, बागलकोट किंवा गदगकडचं एक कुटुंब, कधी दोन. भाडं दर महिन्याला रोख, पावती नाही, करार नाही. करार मागितला तर घरमालक देऊ शकत नाही, कारण खोल्यांना पंचायतीची परवानगीच नसते. पत्ता नाही म्हणून गॅसची जोडणी अडते, बँकेतलं खातं अडतं, मुलाचं नाव अडतं. 2024 साली भाडेकरू पडताळणीचा कायदा झाला. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली नाही तर मालकाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. तेव्हापासून मालक तो फॉर्म भरून घेऊ लागले. सुरक्षेसाठी ते हवं असेलही. पण त्यातून घडतं काय ते पाहा: ह्या कुटुंबांच्या नावाचा गोव्यातला एकुलता एक कागद पोलिस ठाण्यात असतो, आणि त्याची प्रत त्यांच्या हाती नसते. मुंडकारांची नातवंडं असलेल्या आम्हा लोकांना भाड्याची पावती फाडून द्यायला काय हरकत आहे, हे मी वाड्यावर उघडपणे विचारते. काहींनी द्यायला सुरुवात केली आहे. काही माझ्याशी बोलत नाहीत.

2025 साली सरकारने 'म्हजें घर' योजना आणली. सरकारी आणि कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थांच्या, जमिनींवरची 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीची घरं नियमित करण्याची तिच्यात सोय आहे. ज्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षं पाडापाडीची टांगती तलवार होती त्यांना त्यातून दिलासा मिळेल, मिळावाच. मात्र अशा घरातला भाडेकरू होता तिथेच राहतो. छप्पर ज्याच्या मालकीचं त्याच्यापाशी कागदाची वाट येऊन थांबते.

घर पाडण्याचा विषय निघाला की मला 1981 ची मुंबई आणि 2004 चा वास्को एकापाठोपाठ आठवतात. मुंबईत पदपथांवरच्या झोपड्या भर पावसाळ्यात हटवायला सुरुवात झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जुलै 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, कारण उपजीविका काढून घेतली की जगणंच काढून घेतल्यासारखं होतं, हे त्या निकालाने मान्य केलं. पालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकार मात्र त्याने कायम ठेवला. पण 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, हात लावायचा नाही असं बजावलं. तो हक्क अर्धाच मिळाला असं मला नेहमी वाटत आलं आहे. तरी पावसाचा विचार त्या निकालात होता.

वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर जून 2004 मध्ये, मृग बरसत असताना, झोपड्यांवर बुलडोझर गेले. देहविक्रयाची ती वस्ती होती. तिथल्या बायका आणि मुली कोणत्या फसवणुकीतून तिथे येऊन पडल्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो बाजार बंद व्हायला हवा होता ह्याबद्दल माझं दुमत नाही. 2003 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशात पुनर्वसनाचाही विचार होता. प्रत्यक्षात बुलडोझर आधी पोचला. बायका पावसात उभ्या राहिल्या, आणि त्याच ओळींत राहणारी, त्या धंद्याशी काही संबंध नसलेली मजुरांची कुटुंबंही. बाजार बंद झाला नाही. तो गोवाभर विखुरला आणि डोळ्यांआड गेला. पुढे वास्कोतल्या 'अर्ज' संस्थेने ह्या स्त्रियांसाठी 'स्विफ्ट वॉश' नावाची लाँड्री 2006 साली सुरू केली. तिथे काम करणारीला पगार मिळतो, आणि पगाराला हजेरीपट असतो. पुनर्वसन ह्या शब्दाचा मला कळलेला अर्थ हाच.

कुटबण जेटीवरची 2024 ची पटकीची साथ तर अगदी कालची गोष्ट. सासष्टीतल्या त्या जेटीवर ट्रॉलरवर काम करायला ओडिशा, झारखंडकडून माणसं येतात. मासेमारीचा हंगाम सुरू होऊन जेमतेम महिना होत होता. दाटीवाटीने बोटींवरच राहणाऱ्या कामगारांत पटकी पसरली आणि त्यात माणसं दगावली. गोव्यात, ह्या काळात, पटकीने. कारण शोधायला प्रयोगशाळा नको होती: प्यायचं पाणी नीट नाही, शौचालयं पुरेशी नाहीत. आपल्या ताटातल्या बांगड्यापाठीमागे असलेला माणूस पाणी आणि आडोसा नसल्याने मरतो, तेव्हा त्याला दुर्दैव म्हणायचं का? त्याच्या जगण्याचा हक्क राखण्याची जबाबदारी बोटमालकाची होती, जेटी चालवणाऱ्यांची होती, शासनाची होती. पण त्याच्याशी लेखी करार झाला असता, बोटीवर कोण आहे ह्याची नीट यादी असती, तर निदान कोणाची किती जबाबदारी हे कोणाला टाळता आलं नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने सप्टेंबर 2012 मध्ये अतिगरिबी आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मी ती वाचली तेव्हा मला धीर आला, कारण त्यात कीव नाही. गरीब माणूस हा हक्क असलेला माणूस आहे आणि त्याच्याबद्दलचे निर्णय त्याला विचारून घ्यायचे, हा त्यांचा पाया. कायद्यापुढे व्यक्ती म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क त्यात आहे, आणि जन्मनोंदणी व ओळखपत्रं गरिबांपर्यंत मोफत पोचवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. उघड्यावर झोपणं, खाणं, अंग धुणं, भीक मागणं, ह्या जिवंत राहण्यासाठी कराव्या लागणाऱ्या गोष्टींना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द करा किंवा बदला असंही म्हटलं आहे. गोव्यात भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा 1972 चा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली तिथे लागू असलेल्या अशाच कायद्यातल्या भिकेला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. आपल्याकडे पर्यटनाचा हंगाम आला की "भिकाऱ्यांना उचला" ही मागणी अजूनही निघते.

जन्मनोंदणीत गोवा पोर्तुगीज काळापासून पुढे आहे, आणि आता बाळंतपणं बहुतेक इस्पितळातच होतात, त्यामुळे मजुरांच्या इथे जन्मलेल्या बाळांचीही नोंद होते. पण पुष्कळदा दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. आईला चार दिवसांत कामावर जायचं असतं, नाव बारशाला ठरणार असतं, आणि मग ते नोंदवायला कोणी जात नाही. 15 वर्षांच्या आत ते नाव घालून घेता येतं. मी पालकांना हे पहिल्या भेटीतच सांगते, कारण बिननावाचा दाखला घेऊन मूल शाळेत आलं की पहिल्या दिवशीच अडतं.

रेशनचंही तसंच. 'एक देश, एक रेशन कार्ड'मध्ये गोवा 1 जानेवारी 2020 पासून आहे. कर्नाटकातल्या कार्डावरचं अन्नसुरक्षेचं धान्य इथल्या दुकानातून मिळू शकतं. कायदा आहे, यंत्र आहे, धान्यही आहे. मात्र सिमेंट कालवून, चिरे वाहून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्राला अंगठा ओळखता येत नाही. झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात 2017 साली 11 वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडलं नाही म्हणून कार्ड बंद झालं होतं आणि मूल भुकेने गेलं असं तिच्या आईने सांगितलं. त्यानंतर ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राने लेखी कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, नोंदवहीत नोंद करून द्यायचं. हे पत्रक माझ्या पिशवीत असतं. "देता येत नाही" असं उत्तर आलं की मी म्हणते, "हरकत नाही. देता येत नाही आणि का येत नाही, एवढं लिहून सही करून द्या." मी हे शांतपणे म्हणते, कारण समोरच्या माणसाशी माझं भांडण नाही. बहुतेक वेळा तो उठून आत जातो, कोणाला तरी फोन करतो, आणि नोंदवही निघते. दर वेळी निघते असं नाही. पण जी गोष्ट तोंडाने इतक्या सहज नाकारता येते ती सहीनिशी नाकारायला माणूस कचरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. गोव्याने माहितीच्या अधिकाराचा कायदा 1997 सालीच केला होता, देशाच्या आठ वर्षं आधी. 2013 साली ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदाही केला. ही हत्यारं आपल्याच घरात आहेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेणं, हे ती वापरायचं पहिलं पाऊल.

गेल्या वर्षी बागलकोटकडच्या तिघी मजूर बायका माझ्याकडे आल्या. त्यांतली जी बोलत होती ती मला आधी 'टीचर' आणि नंतर 'अक्का' म्हणू लागली. नाक्यावरून एका मुकादमाने त्यांना एका इमारतीच्या कामावर नेलं होतं. दर रविवारी खर्चीपुरते पैसे मिळत. बाकीचा हिशेब काम संपल्यावर. काम संपलं, मुकादम फोन उचलेना. कंत्राटदार म्हणाला, मी मुकादमाला सगळे दिले, ह्या बायकांना मी ओळखतही नाही. दोन महिन्यांची मजुरी. तिच्या नवऱ्याच्या पायाला त्याच कामावर मार लागला होता आणि तो खोलीत पडून होता.

मी तिला दिल्लीच्या एशियाडची गोष्ट सांगितली. 1982 च्या खेळांसाठी स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांना रोज सव्वानऊ रुपये ठरले होते, त्यातला एक रुपया मध्यस्थ जमादार कापून घेत. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या 23 व्या कलमाने मनाई केलेली सक्तीची मजुरी आहे. भूक आणि गरिबी माणसाला कामाला जुंपते तेव्हा तीही सक्तीच. "एका रुपयासाठी एवढं मोठं कोर्ट?" ती म्हणाली. नंतर जरा वेळाने म्हणाली, "आमचे तर सगळेच गेले."

पुरावा काय? नेमणूकपत्र नाही. नव्या कामगार संहितांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे, आणि ती नाक्यावर उभ्या असलेल्या बाईपर्यंत कशी पोचते हीच तिची खरी परीक्षा आहे. हजेरीपुस्तक मुकादमाकडे. फोटो नाही. अर्ज लिहिताना मी तिला कामाचे दिवस विचारले. तिने कुठल्या मजल्याचा स्लॅब कधी ओतला, कुठल्या दिवशी पावसाने काम थांबलं, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी कधी भरलं, हे सगळं ओळीने सांगितलं. मग सहज म्हणाली, "किराणावाल्याच्या वहीत बघा. आमची उधारी मुकादमच भागवायचा, खर्चीतून कापून." कामाच्या जागेसमोर पत्र्याचं दुकान होतं. दुकानदार आधी नको म्हणाला. कंत्राटदाराची माणसं त्याचीच गिऱ्हाइकं होती. दोन दिवसांनी त्याने स्वतःच फोन केला. वहीत तिघींची नावं होती, प्रत्येक आठवड्याची रक्कम होती, आणि पुढे मुकादमाची सही.

मजूर कार्यालयात ती वही टेबलावर ठेवली तेव्हा कंत्राटदाराच्या माणसाने ती बराच वेळ चाळली. त्या बैठकीत तिच्या एकटीचं प्रकरण मिटलं. सगळी रक्कम मिळाली नाही, बरीचशी मिळाली. पैसे मोजून झाल्यावर त्याने इंग्रजीत टाईप केलेला कागद पुढे केला आणि शाईचा पॅड सरकवला. तिने अंगठा दिला नाही. आधी मला तो मोठ्याने वाचायला लावला, 'कसलंही येणं बाकी नाही' हे वाक्य त्यातून काढायला लावलं, कारण नवऱ्याच्या पायाच्या भरपाईचा अर्ज अजून व्हायचा होता. मग तिने सही केली. सही तिला करता येत होती. ती कन्नडमध्ये करते. आणि कागदाची एक प्रत मागून घेतली.

दुसऱ्या दोघी तोवर पेडण्याकडे नव्या कामावर गेल्या होत्या. त्यांच्या अर्जाची तारीख चतुर्थीनंतर लागली आहे. त्याआधी वहीतली त्यांची पानं झेरॉक्स करून घ्यायची आहेत, आणि नवीन कामावरच्या मुकादमाकडून हजेरीचा कागद आतापासूनच, दर रविवारी, सहीनिशी घ्यायला सांगायचं आहे.